बारीचं दूध

थंडी पडली की मला माझ्या दंडांची लाज वाटते. आता दंड असे उरलेत कुठे! स्वेटरच्या बाह्यांत आहेत त्या दोन काटक्या. तरी कारंज्यात सकाळी फिरायला निघालो, की आमच्या गावाकडचा एखादा म्हातारा हमखास भेटतो, बाही दाबून पाहतो आणि म्हणतो, "पयलवान, गावाचं दूद पेलेलं आंग हाय हे, असं नाई सरत." मी खाली पाहतो. त्याला वाटतं, मला संकोच झाला. संकोच हा शब्द बरा, चारचौघांत खपतो. मला वाटते ती लाज असते, आणि ती त्याच्या 'दूद' या शब्दापाशी सुरू होते.

यंदा गंमत झाली. डॉक्टरने माझं दूध, दही, तूप, लोणी सगळं बंद केलं आणि रोज घाम येईपर्यंत चाला म्हणून बजावलं. घरात एकदम उत्साह संचारला. सून बिनदुधाचा चहा करते, जवसाची चटणी कुटते, मोड आलेली मटकी पुढे आणून ठेवते. कोणाकडे गेलो तर यजमान स्वतःच म्हणतात, "काकांना पथ्य आहे, त्यांना पेढा देऊ नका." कोणी रागावत नाही, कोणाचा चेहरा पडत नाही. पथ्य म्हटलं की नकारातली धार निघून जाते. हेच सगळं मी तरुणपणी, अंगात रग असताना, एका हिवाळ्यात करून पाहिलं होतं. तेव्हा मला कोणताच आजार नव्हता, त्यामुळे मला काही कारण सांगता आलं नाही. जे कारण होतं ते गावाने ऐकलं नाही, आणि त्याची भरपाई एका बाईने केली.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. आमचं गाव कामरगावच्या अलीकडचं, काळ्या मातीचं, कपाशी-तुरीचं. शाळेच्या भिंतीवर गेरूने मोठ्या अक्षरांत 'अस्पृश्यता पाप आहे' असं लिहिलेलं होतं आणि त्याच भिंतीला टेकून गावातली वडीलधारी माणसं कोणी कुठल्या विहिरीवर पाणी भरायचं ते ठरवत. त्या भिंतीपलीकडे आमची तालीम. तालीम म्हणजे टिनाचं छप्पर, मारुतीचा शेंदरी दगड आणि खाली मातीचा हौद. हौदातली माती चाळून, तिच्यात तेल, हळद आणि ताक कालवून ती मऊ केलेली. भल्या पहाटे त्या मातीत उघड्या अंगाने उतरलं की आधी दात वाजत, मग जोर मारता मारता अंगातून वाफ निघायला लागे. तो वास अजून नाकात आहे. ओल्या हळदीचा, आंबूस ताकाचा आणि आमच्या घामाचा.

गावाला एक पैलवान असावा, ही आमच्याकडची हौस. शिवरात्रीच्या जत्रेत दंगल भरे, आजूबाजूच्या गावांचे पैलवान येत, आणि ज्याचा पैलवान पडे त्या गावाला वर्षभर बाजारात खाली मान घालून फिरावं लागे. म्हणून पैलवानाला गाव पोसत असे. ज्याच्या दावणीला दुभतं जनावर, त्याच्या घरी एकेक दिवस पैलवानाच्या दुधाची बारी. बारी म्हणजे पाळी. सकाळी तालमीतून निघायचं, आपला पितळी गडवा घेऊन ज्याची बारी त्याच्या दारात उभं राहायचं, त्यांनी धार काढायची आणि आपण तिथेच उभ्याने, फेसासकट पिऊन टाकायचं. घरातली लेकरं दाराआडून बघत असत. त्यांच्या वाटणीचं मी पितो आहे हे मला कळत नव्हतं असं नाही. पण तेव्हा माझ्या मांडीवर थाप मारली की लांब ऐकू जाई, आणि असा आवाज आपल्याच अंगातून निघत असला म्हणजे इतर आवाज कमी ऐकू येतात.

आमचं घर माळकरी. मटण नाही, अंडं नाही. त्यामुळे शक्ती म्हणजे दूध, हे मला आईच्या दुधासोबतच पाजलेलं. आमच्याही घरी एक म्हैस होती. तिला त्या पावसाळ्यात रेडकू झालं, नर. नर रेडकाचं काय करायचं असतं? औताला बैल, दुधाला म्हैस. रेडा कोणाला हवा? त्याला पान्हा फुटण्यापुरतं लावायचं, दोन घोट झाले की ओढून खुंट्याला बांधायचं. ते बांधलेल्या दाव्याला मान ताणून उभं राही. दिवाळी झाली आणि एके दिवशी ते आडवं झालं ते उठलं नाही. कोणी त्याला मारलं नव्हतं. त्याचं दूध एका मोठ्या रेड्याने पिऊन टाकलं होतं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तालमीतून घरी आलो. म्हैस धार देत नव्हती. वडिलांनी रेडकाचं कातडं उतरवून घेतलं होतं, त्यात तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, भरून ते शिवलं होतं आणि म्हशीच्या तोंडापुढे उभं केलं होतं. पाय नव्हतेच, चार काड्या होत्या. म्हैस ते चाटत होती. चाटता चाटता तिने पान्हा सोडला आणि आईच्या बादलीत धारेचा आवाज सुरू झाला. आईने वाटी भरून माझ्या हातात दिली. "घे बापू, कोमट हाय तोवर पेऊन टाक," ती म्हणाली. म्हशीच्या जिभेने त्या कातड्यावरचे केस एका बाजूला बसले होते, जसे जिवंतपणी बसायचे. मी वाटी खाली ठेवली. मला उलटी आली नाही, रडूही आलं नाही. फक्त ते तोंडाला लावता येईना.

हे सगळ्या खेड्यांत चालायचं. मीही लहानपणापासून पाहिलेलं होतं. त्याच दिवशी का जड गेलं, ते मला अजून सांगता येत नाही.

आणि त्याच दिवशी सगुनाची पहिली बारी होती.

सगुना गावाच्या खालच्या अंगाला राहायची. विधवा, चाळिशीच्या आसपासची, दुसऱ्यांच्या वावरात कपाशी वेचून पोट भरणारी. गाव तिच्या घरचं पाणी पीत नसे. सगळे तिला 'सगुनी' म्हणत आणि मी तिच्यापेक्षा इतका लहान असूनही तेच म्हणायचो. त्या वर्षी तिच्या भावाने तिला एक दुभती म्हैस आणून दिली. इकडे गावातल्या बऱ्याच म्हशी भाकड झालेल्या. तेव्हा ती स्वतः शाळेच्या भिंतीपाशी आली, लांब उभी राहिली आणि पाटलांना म्हणाली, "पयलवान का निस्त्या वरच्या आळीचा हाय? आमचा नाई? माह्या घरीबी बारी लावा."

त्यावर पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. मग निवाडा दिला: दुधाला विटाळ नाही. दूध जनावराच्या अंगातून येतं, त्याला पाणी लागलं नाही म्हणजे झालं. पैलवानाने आपला गडवा न्यायचा, तिने थेट त्यात धार काढायची, तिचं भांडं मधे येऊ द्यायचं नाही. भाकर नाही, पाणी नाही, दूध चालेल. सगुनाने हात जोडले. मला वाटतं, त्या गावात वरच्या आळीने तिच्या हातचं काही घ्यायचं कबूल केलं अशी ती पहिलीच वेळ असावी.

मी त्या सकाळी घरून तसाच निघालो, रिकाम्या हाताने. तिच्या अंगणात सडा पडलेला होता. रांगोळी होती, ती काही सणाला काढतात तशी नव्हती, घाईत ओढलेली साधी पावलं होती. म्हशीला धुऊन काढलेलं, शिंगांना तेल लावलेलं, नवं दावं. सगुना डोक्यावरून पदर घेऊन उभी होती. आजूबाजूच्या घरांतली माणसं कामं टाकून बाहेर आली होती. तिने माझ्या हाताकडे पाहिलं. गडवा नव्हता.

"गडवा इसरले काय पयलवान?"

"मले दूद नको," मी म्हणालो. "आजपासून नको."

एवढंच. पुढे काही बोलावं हे सुचलंच नाही, डोक्यात ते कुटार भरलेलं कातडं होतं. मी वळलो आणि आलो तसा परत गेलो. मला वाटलं, मी सरळ सांगितलं. आजपासून म्हणजे आजपासून. पण आदल्या दिवशी पाटलांच्या दारात मी गडवाभर पिऊन ढेकर दिली होती, ती सगळ्या गावाने ऐकलेली होती.

मग सुरू झालं माझं पथ्य. त्याला तेव्हा नाव नव्हतं. मी दूध, दही, ताक, तूप सगळंच सोडलं, मधसुद्धा सोडला. आईने कपाळावर हात मारून घेतला. करीम वस्ताद आमचे गुरू. पोक आलेले, पण पकडीत अजून लोखंड. त्यांनी मला समोर बसवून विचारलं, "अबे, कारंज्याच्या जैन मंदिरात जाऊन आला काय?" मी म्हटलं, जैन लोक दूध पितात, वस्ताद. "मंग तू कोन होऊन राह्यला बे?" मी मांडीवरची माती खरवडू लागलो. ते म्हणाले, "दूद नई तो अंडा खा. अंडाबी नई? मग ढेप खा, जनावर तरी होशील." सगळी तालीम हसली. ढेप म्हणजे तेलघाण्यातून निघालेली पेंड, गुरांची. मी दोनदा ती खाऊनही पाहिली, गुळासोबत. चव वाईट नसते.

रात्री हरभरा भिजत घालायचो, सकाळी तो कच्चाच चावायचा. मूठभर शेंगदाणे, तीळ, गूळ. ज्वारीची भाकर, वर करडईच्या तेलाची धार आणि जवसाची चटणी. अंबाडीची भाजी. तुरीच्या शेंगा आल्या की सोल्यांची आमटी. हुरड्याचे दिवस आले तेव्हा तर मी वावरातच राहायला गेल्यासारखा झालो. गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजायची, गरम गरम तळहातावर चोळायची आणि फुंकर मारून तोंडात टाकायची. तोंड काळं, बोटं काळी. सुरुवातीला हाल झाले. पाय लटपटत, चक्कर येई, आणि त्या भिजवलेल्या हरभऱ्याने पोटात जो वारा धरे त्याची फजिती तर सांगायचीही लाज वाटते. हौदात जोडीदाराने कंबरेला मिठी घातली की जे व्हायचं ते मोठ्याने होई. वस्ताद टोपी नाकावर धरून म्हणत, "ये नवा दाव कोनता रे?"

पण महिन्याभरात अंग बदललं. जड होतो तो हलका झालो. दम लांबला. कामरगावपर्यंत पळत जाऊन पळत परत आलो तरी बोलता यायचं. बैठका मारताना वाटे, आपण कोणाचं काही ओढून न घेता उभे आहोत. तो आनंद खरा होता. तो अजून आठवतो, आणि म्हणूनच बाकीचं जास्त टोचतं. नाहीतर माझं तरी सोवळं कुठे पुरं होतं! पायात चामड्याच्या वहाणा होत्या, विहिरीवर चामड्याची मोट होती, बैलाच्या मानेवर जू होतं, आणि रोज ज्या मातीत लोळत होतो तिच्यात ताक होतं. एकदा मी वस्तादांना विचारलंसुद्धा, की मातीतल्या ताकाचं काय करायचं. ते म्हणाले, "पड मत, तो लगेगा नई." पडला नाहीस तर लागणार नाही.

त्या शिवरात्रीच्या दंगलीत मी जिंकलो, हे सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव तिकडे अडकून राहायला नको. चांगल्या उंच्यापुऱ्या पैलवानाला चितपट केलं. गावाने खांद्यावर घेतलं आणि गावाच्या दुधाचा जयजयकार केला. मी खांद्यावर बसून हात जोडत होतो. पण मला ज्या गोष्टीची लाज वाटते ती त्या जत्रेच्या आधीच होऊन गेली होती.

मला कळलं ते असं. पौषातल्या एका दुपारी मी शाळेवरून चाललो होतो. पाटलांनी हाक मारून जवळ बसवलं, पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "पोट्ट्या, तू डोकेवाला निंगला. आमी निवाडा देऊन फसलो होतो. नाई म्हना तर भिंतीवरचं लिहिलेलं आड येते, हो म्हना तर उद्या थे सगुनी भाकर घेऊन येईन. तू दूदच सोडलं! साप मेला अन् काठीबी नाई तुटली."

मी म्हणालो, "तसं नाई हो पाटील. आमचं रेडकू मेलं म्हणून…"

पाटलांनी डोळा मिचकावला. "हो बाप्पा, रेडकू. लोकाले तेच सांग."

मी घरी आलो. आई तूर पाखडत होती. मी विचारलं, गाव असं म्हणतं का? आईने सूप थांबवलं नाही. "म्हनते. अन् बरंच हाय ना. कोनाले दुखवलं नाई तू. सगुनीनं म्हस इकाले काढली म्हनतात."

"काहून?"

"आता काहून काय! पयलवानानं दारातून परत जावं अन् तिनं तोंड दाखवावं? खालच्या आळीवालेच हासून राह्यले तिले. वर चढाले गेली होती म्हनतात."

मी तिथेच ओसरीवर बसलो. मी रेडकासाठी जे केलं त्याचं श्रेय मला मिळत होतं, पण ते भलत्याच गोष्टीचं. आणि ज्या बाईने मला आपलं म्हटलं होतं तिच्या दाराला मी सगळ्यांदेखत कुलूप लावून आलो होतो. किती दिवस मी शेंगदाणे चावत, स्वतःच्या दमाचं कौतुक करत गावभर पळत होतो! त्या आळीवरून रोज जात होतो. तिथल्या बायका मला पाहून आत जायच्या, आणि मला वाटायचं, उघड्या अंगाच्या पुरुषाला लाजतात.

पोरवयात माणसाला एक खोड असते. चूक कळली की लगेच मोठं काहीतरी करावंसं वाटतं, आणि ते सगळ्यांनी पाहावंसंही वाटतं. दूध तर मी घेणार नव्हतो. मग ठरवलं, तिची भाकर खायची, चारचौघांत. ज्याला विटाळ म्हणतात तेच तोंडात घालायचं, म्हणजे कोणाला शंका उरणार नाही. शाळेच्या भिंतीवरच्या अक्षरांना मीच काय तो खरा उतरणार होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाटलांच्या वावरात गेलो. कपाशीची वेचणी चालू होती. बोंडं फुटून सगळं शेत पांढरं झालेलं, ऊन कोवळं, पण पायाखालची माती अजून गार. बायका जेवायला धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीखाली बसल्या होत्या. सगुना त्यांच्यापासून वेगळी, उन्हातच बसलेली. तिच्या फडक्यात ज्वारीच्या भाकरी, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. मी तिच्यासमोर जाऊन उकिडवा बसलो.

"सगुनाबाई, मले भाकर दे."

बाभळीखालच्या बायकांचे घास हातात राहिले. सगुनाने माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या नावाला 'बाई' लावलं होतं, ते तिच्या ध्यानात आलं असावं, कारण तिच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. मग तिने फडक्याची चारही टोकं उचलली आणि भाकरीवर घट्ट गाठ मारली.

"नाई देत," ती म्हणाली.

"मी सगळ्यांसमोर खातो. मग कोनी काही म्हननार नाई."

"तुमाले नाई म्हननार." तिने आवाज खाली आणला. "तुमी खासान अन् घरी जासान. माय आंग धुवाले लावन, दोन दिवस गाव बोलन, मंग पयलवान तो पयलवानच. पन भाकर देल्ली कोनं? सगुनीनं. पयलवानाले बाटवलं सगुनीनं. उद्या मले वावरात कोन बलावन? हिरीच्या वाटेनं कोन जाऊ देइन? मले ह्याच गावात राह्यचं हाय, भाऊ."

तिची भाकर खाऊन मी मोठा होणार होतो आणि त्याचा खर्च तिच्या माथी पडणार होता, हे मला दिसलंच नव्हतं. तिने मात्र ते गाठ मारायच्या आत पाहिलं होतं. मी धुऱ्यावरचं ढेकूळ बोटांनी फोडत बसलो.

"मंग मी काय करू?" मी विचारलं. मोठा पैलवान मी, आणि आवाज निघाला तो शाळकरी पोरासारखा.

"तुमाले करायचंच असन तर दूद प्या," ती म्हणाली. "गावानं तेवढीच वाट ठेवली हाय आमच्यासाठी. थेबी तुमी बुजवली."

मी तिला रेडकाचं सांगितलं. सगळं सांगितलं: खुंटा, ताणलेली मान, कुटार, म्हशीची जीभ. तिने शांतपणे ऐकून घेतलं. पाटलांसारखा डोळा मिचकावला नाही, हसलीही नाही. तिचा माझ्यावर विश्वास बसला होता, हे मला स्पष्ट दिसत होतं. मग ती म्हणाली, "खरं असन तुमचं. पन मले एक सांगा पयलवान. रेडकू तर मेलं. मी जित्ती हाय." आणि कमरेला ओटी बांधून ती उभी राहिली, कपाशीच्या ओळीत शिरली.

मी पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. हरभरा चावला जाईना. तालमीत दोन पोरांनी मला सहज उचलून टाकलं. मनाशी सारखा वाद घालत होतो. माझा नेम म्हणजे काय देवाने दिलेला होता? नव्हता. पण म्हणूनच तो माझा होता. घरचं, जातीचं, गावाचं असं मला पुष्कळ मिळालेलं होतं. हे एकच मी स्वतः पाहून, स्वतः ठरवून घेतलेलं होतं. ते मोडलं तर मी पुन्हा गावाने भरलेलं कातडं. आणि नाही मोडलं तर सगुनाची म्हैस बाजारात जाणार. दोन्ही बाजू मला आलटून पालटून खऱ्या वाटायच्या, पण तिच्या आळीवरून जाताना एकच वाटायची. वस्तादांना मी विचारलं. ते तेलाची वाटी खाली ठेवून म्हणाले, "बेटा, ये कुस्ती में मैं तुझे कुछ नई सिखा सकता."

शेवटी मी पाटलांकडे गेलो आणि म्हणालो, माझं दूध पुन्हा सुरू करा. पाटील खूश. दंगल तोंडावर आली होती. "उद्या कोनाकडून सुरू करू?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "जिथं राह्यलं होतं तिथून." त्यांचा चेहरा उतरला. पण निवाडा त्यांचाच होता, तो त्यांना गिळवेना की थुंकवेना.

सकाळी मी गडवा चिंचेने घासून लखलखीत केला आणि हातात उंच धरून, वरच्या आळीतून, मधल्या रस्त्याने, हळूहळू चालत गेलो. माणसं ओट्यांवर येत होती. धुकं होतं, चुलींचा धूर त्यातच अडकलेला. सगुनाच्या अंगणात या वेळी सडा नव्हता, रांगोळी नव्हती. तिला विश्वास नव्हता मी येईन म्हणून. मला पाहून ती धावत आत गेली, पदर नीट करून आली, आणि तिने खुंट्यावरून तिच्या म्हशीचं रेडकू सोडलं.

तेही नरच होतं. ते आईच्या कासेला धडकलं, शेपटी उडवत दोन घोट प्यालं. म्हशीने पान्हा सोडला. सगुनाने त्याच्या गळ्यातलं दावं धरून त्याला मागे ओढलं, अगदी आमच्या घरी ओढायचे तसंच, आणि परत खुंट्याला बांधलं. त्याच्या तोंडाला फेस होता. ते मान ताणून उभं राहिलं. सगुना खाली बसली, मी गडवा पुढे धरला आणि तिने धार सुरू केली. पितळेवर पहिल्या धारेचा जो आवाज होतो तो झाला, मग गडवा भरत गेला तसा तो मऊ होत गेला. ती एकदाही वर पाहत नव्हती.

गडवा भरला. आळीत आता बरीच माणसं होती, खालचीही आणि वरचीही. पाटील लांब, कोपऱ्यावर उभे. रेडकू माझ्याकडे पाहत होतं. म्हणजे ते दुधाकडे पाहत असेल, पण मला ते माझ्याकडेच पाहत आहे असं वाटलं. मी त्याच्याकडे पाठ केली नाही. तेवढं तरी मी केलं. तोंड वर करून, न थांबता, सगळं प्यालो. इतके दिवस तेल, तीळ, कोरडी भाकर यांवर राहिलेलं अंग. त्यात ते ऊन ऊन दूध उतरत गेलं.

सगुना उठून उभी राहिली होती. तिने पदराने हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "गोड हाय ना, पयलवान?"

"गोड हाय," मी म्हणालो, तेवढ्याच मोठ्याने.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, मी तिच्यासाठी म्हणालो. तिलाही तसंच वाटलं असेल, आणि तिच्यापुरतं ते बरोबरच होतं. पण मी मिशीवरचा फेस चाटत तिथे उभा होतो, खुंट्याला ते रेडकू ओरडत होतं, आणि दूध खरोखरच फार गोड लागलं होतं.